कुमारवयीनांचे व्यसन आणि आत्महत्येचा धोका

दारू, गांजा, अफूजन्य पदार्थ, गुंगीच्या गोळ्या किंवा व्हाइटनर-सोल्युशनसारखी हुंगण्याची द्रव्ये यांच्या आहारी गेलेल्या मुलामुलींमध्ये आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न समवयस्कांपेक्षा अधिक आढळतात. तरीही अशा मुलाची चौकशी बहुधा ‘काय घेतोस, किती घेतोस’ एवढ्यावरच संपते.

नैराश्य, घरातील मारहाण किंवा लैंगिक अत्याचार यांचा त्रास विसरण्यासाठी काही मुले नशेकडे वळतात. पुढे नशाच नैराश्य वाढवते. आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत असतो आणि दारूच्या अमलाखाली उरलासुरला आवरही सुटतो. त्यामुळे या वयातील प्रयत्न पुष्कळदा पूर्वनियोजित नसतात. भांडण किंवा चोरी उघडकीला येणे हे निमित्त ठरते. त्यामागची कारणे अनेक आणि जुनी असतात.

नशा उतरताना किंवा सोडल्यावर येणारी तीव्र उदासी, बेचैनी, निद्रानाश यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ‘सुटली एकदाची’ म्हणून घरचे निर्धास्त होतात ते नेमके याच दिवसांत. पुन्हा नशा केली गेली, तर शरम आणि हताशपणा यांची भर पडते. अशा वेळी मारझोड, कोंडून ठेवणे किंवा पोलिसांचा धाक यांनी धोका वाढतोच.

दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते १७ वयोगटातील १.१७ टक्के मुले हुंगण्याची द्रव्ये वापरत असल्याचे दिसले. प्रौढांत हे प्रमाण ०.५८ टक्के होते. मुलांचे प्रमाण प्रौढांहून जास्त असलेला हा एकच प्रकार. ही द्रव्ये स्टेशनरीच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात, हे पाहता त्यात नवल नाही.

‘मरावेसे वाटते का?’ असे थेट विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने मूल बोलते होऊ शकते. व्यसन आणि नैराश्य यांवर एकत्रच उपचार करावे लागतात. दारू किंवा गुंगीच्या गोळ्या घरच्या घरी एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते, म्हणून डॉक्टरांची देखरेख हवी. घरातील औषधे कुलपात ठेवावीत. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने कुटुंबालाही उपचारात सामावून घेतले.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, त्यामुळे गुन्ह्याच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास मराठीतही मिळते, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.