ट्रेलर कानांनी बघायचा असतो

"मामानू, डोळे मिटा नि आयका," असं म्हणून भाच्याने लॅपटॉपच्या स्क्रीनवर सरळ पंचाच टाकला.

वेंगुर्ल्यातल्या आमच्या घराची माडी, गणपतीचे दिवस, दुपारची वेळ. हा मुलगा मुंबईत सिनेमाचे ट्रेलर एडिट करतो आणि गावी येताना काम सोबत घेऊन येतो. दर्यावर गेलेल्या माणसाची वाट बघणाऱ्या एका घराची गोष्ट सांगणारा छोटा मराठी सिनेमा, आणि त्याचा अडीच मिनिटांचा ट्रेलर. मी डोळे मिटले. आधी समुद्राची गाज. मग वल्ह्याची कुरकुर, एका बाईचं अर्धवट तुटलेलं वाक्य, लांबून येणारा पखवाज. त्याची लय चढत गेली, एकदम सगळं थांबलं, आणि दार धाडकन आपटलं. मी खुर्चीतच दचकलो.

मग त्याने पंचा काढला, आवाज बंद केला आणि तोच ट्रेलर पुन्हा लावला. चित्रं देखणी होती, पण कोणाच्या तरी लग्नाचा अल्बम चाळावा तसं वाटत राहिलं. तुमच्या आवडीच्या कुठल्याही ट्रेलरवर हा प्रयोग करून बघा. ट्रेलरचा सांगाडा आवाजाचा असतो आणि चित्रं त्यावर मागाहून चढतात, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा नीट कळलं.

काम चालतंही त्याच क्रमाने. सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने दोन तासांच्या सिनेमात १,७२,८०० फ्रेम असतात, अडीच मिनिटांच्या ट्रेलरमध्ये ३,६००. म्हणजे अठ्ठेचाळिसातला एक भाग घ्यायचा. एडिटर सगळं फुटेज बघतो आणि आधी वाक्यं वेचतो, मागचंपुढचं काही माहीत नसलं तरी कानाला खटकन लागतील अशी. ती ओळीने लावून, खाली संगीत टाकून झालं की मग चित्रं शोधायला बसतो. पुष्कळदा मूळ सिनेमाचं पार्श्वसंगीत तोवर तयार नसतं, म्हणून ट्रेलरचं संगीत वेगळं असतं. सिनेमाचं संकलनही चालूच असतं. ट्रेलरमध्ये पाहिलेलं एखादं दृश्य थिएटरात सापडत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

चित्रांची ताकद मी कमी लेखत नाही. भाच्याने एका म्हातारीचा चेहरा दाखवला, तीन सेकंदांचा. मोजून ७२ फ्रेम. त्यापुढे त्याने रापण ओढल्याचा शॉट जोडला, जाळ्यात बांगडे चमकतायत. म्हातारी तृप्त दिसली. मग त्याच ७२ फ्रेमपुढे वाळूवर लागलेली रिकामी होडी जोडली. आता तिच्या डोळ्यांत पाणी आहे असं मी पैजेवर सांगितलं असतं. चेहरा तोच होता, पापणीसुद्धा वेगळी हलली नव्हती. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने १९२० च्या आसपास हाच खेळ केला होता. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने कधी सूपच्या वाटीला जोडला, कधी शवपेटीतल्या मुलाला, कधी कोचावर रेललेल्या स्त्रीला. दोन चित्रांमधला अर्थ आपला मेंदू स्वतःच भरतो. त्यामुळे ट्रेलरवाल्याला गोष्ट सांगावी लागत नाही, दोन चित्रं शेजारी ठेवली की पुरतं.

पण ती दोन चित्रं कुठल्या क्षणी शेजारी यायची, ते ठरवतो आवाज. ट्रेलरच्या उत्तरार्धात एक सूर सतत वर चढत राहतो आणि छातीत धडधड वाढवतो, तो आठवा. एखादा सूर असा मिनिटभर चढेल तरी कसा? केव्हातरी तो कानाच्या पट्टीबाहेर जायला हवा. याचं एक उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांनी १९६४ साली दाखवलं. एकेका सप्तकाच्या अंतरावरचे कित्येक सूर एकदम वाजवायचे आणि सगळे सावकाश वर न्यायचे. सर्वांत वरचा सूर हळूहळू विरू द्यायचा आणि तेवढ्यात सर्वांत खाली नवा सूर अलगद आत आणायचा.

वाडीतला रहाट ज्यांनी पाहिलाय त्यांना यापुढे समजावायची गरज नाही. माळेवरचा प्रत्येक लोटा वर येतो, पन्हळीत पाणी ओततो आणि दिसेनासा होतो. खालून दुसरा भरून निघालेलाच असतो. विहिरीकडे बघत राहिलं तर वाटतं की सगळं नुसतं वरच चाललंय. शेपर्डचा सूर म्हणजे कानातला रहाट. हा भास ट्रेलरमध्येही वापरतात. चढण संपत नाही, म्हणून ताणही उतरत नाही.

मग येते शांतता. एक-दीड सेकंद काहीच नाही, आणि नंतर दणका. भाचा म्हणतो की ट्रेलरमधली सर्वांत महाग जागा हीच, आणि मला ते पटतं. अचानक आलेल्या मोठ्या आवाजाने दचकणं ही विचार करून होणारी क्रिया नाही. कानाकडून निघालेला संदेश मेंदूच्या देठातून, म्हणजे मस्तिष्कस्तंभातून, थेट स्नायूंकडे जातो. साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत पापणी मिटायला लागते. पडद्यावरची एक फ्रेम टिकते सुमारे ४२ मिलिसेकंद. म्हणजे दणक्यानंतरची दुसरी फ्रेम येते न येते तोच शरीर दचकलेलं असतं आणि काय झालं ते डोळ्यांना नंतर उलगडतं.

शांततेला आणखी एक कारण आहे, ते हिशेबाचं. ट्रेलर फार कर्कश असतात अशा तक्रारी वाढल्यावर अमेरिकेतल्या चित्रपट उद्योगाने त्यांच्या आवाजाला ८५ डेसिबलची मर्यादा घातली. ही मर्यादा पूर्ण ट्रेलरच्या सरासरीवर आहे. दहा डेसिबल वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, त्यामुळे दोनचार दणक्यांतच सगळा कोटा संपू शकतो. मग बाकीच्या जागी गप्प राहून तो वाचवावा लागतो.

सिनेमा मुका होता तेव्हा हे सगळं शब्दांवर भागवावं लागे. १९१३ च्या मे महिन्यात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला. त्याच्या जाहिरातीत म्हटलं होतं: ५७,००० छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यांत. मी एकदा कागद घेऊन बसलो. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम मावतात. ५७,००० फ्रेमना ३,५६२ फूट फिल्म पुरते, म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. पण "दोन मैल लांब चित्र" हे शब्द कानावर पडल्यावर कोण घरी बसला असेल? आकडा ताणलेला होता खरा, पण माणसाचं कुतूहल कशाने जागं होतं हे फाळक्यांना अचूक ठाऊक होतं, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

त्याच १९१३ मध्ये न्यूयॉर्कला निल्स ग्रँलुंड या जाहिरात व्यवस्थापकाने एका संगीत नाटकाची झलक फिल्मवर तयार करून थिएटरात दाखवली. ट्रेलरचा इतिहास बहुधा इथून सांगतात. 'ट्रेलर' म्हणजे मागून येणारं. सुरुवातीला या झलका मुख्य खेळ संपल्यावर दाखवत. तोवर लोक उठून चालू लागत, म्हणून त्या आधी आल्या. नाव मात्र मागचंच राहिलं.

आता मोजमाप मेंदूपर्यंत पोचलंय. मेंदूशास्त्रज्ञ उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून वेगवेगळ्या चित्रफिती दाखवल्या होत्या. रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याच्या एका दूरचित्रवाणी कथेच्या वेळी प्रेक्षकांच्या मेंदूच्या बाह्यपटलाचा सुमारे ६५ टक्के भाग एकमेकांसारखा चालत होता. बागेत नुसता कॅमेरा लावून केलेल्या चित्रणात हे प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली होतं. पुढे २०१७ साली बार्नेट आणि सर्फ या संशोधकांनी थिएटरातल्या प्रेक्षकांचे मेंदूलहरी आलेख ट्रेलर बघताना घेतले. ज्या ट्रेलरला प्रेक्षकांचे मेंदू जास्त सारखे चालले, ते सिनेमे पुढे जास्त चालले. भजनात टाळ एका ठेक्यावर आले की सगळी माणसं एका वेळी डोलायला लागतात, ते मला आठवलं.

भाच्याचा ट्रेलर पुढे सेन्सॉरकडे गेला, कारण थिएटरात दाखवायच्या ट्रेलरलाही प्रमाणपत्र लागतं. फोनसाठी त्याने वेगळा तुकडा कापला. आमच्याकडे प्रचाराला मात्र रिक्षाच फिरली, मागे पोस्टर आणि टपावर भोंगा. भोंग्यातून खालच्या पट्टीतले आवाज जवळपास येतच नाहीत, फोनच्या स्पीकरचीही तीच गत. मला पखवाजाच्या घुमाऱ्याची काळजी वाटत होती. त्याने सांगितलं, की ती सोय मिक्सिंगमध्येच करून ठेवलीय. ६० हर्ट्झचा मूळ स्वर ऐकू आला नाही, पण त्याचे १८०, २४०, ३००, ३६० असे वरचे स्वर पोचले, तर त्यांच्यातलं ६० चं अंतर ओळखून मेंदू तो गायब स्वर स्वतःच ऐकतो. म्हातारीच्या चेहऱ्यात मी अश्रू भरले होते, तसाच हा स्वरही आपणच भरायचा.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. भोंग्यातून गाज, वल्हं, बाईचं तुटलेलं वाक्य, पखवाज, शांतता, दार. एकही चित्र नाही. सुंगटांच्या वाट्यापाशी बसलेल्या कोळणीने हात थांबवला आणि रिक्षावाल्याला विचारलं, "दर्यात गेल्लो तो परत इलो काय रे?"

"शुक्रवारी येवा, काकी," तो म्हणाला आणि रिक्षा पुढे काढली.