गडावरची सफाई आणि उत्खनन: घमेलं तेच, काम वेगळं

साताऱ्यात रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर श्रमदान असतंच. गाडलं गेलेलं एखादं जोतं मोकळं झालं की फोटो फिरू लागतात आणि खाली ओळ असते, "गडावर उत्खनन सुरू." ते उत्खनन नसतं, सफाई असते. फावडं-घमेलं दोन्हीकडे दिसतं, त्यामुळे घोटाळा होतो.

सफाई करणाऱ्याला माती अडचणीची वाटते, कारण त्याला खालचा दगड बघायचा असतो. उत्खनन करणारा मातीसाठीच आलेला असतो. पायऱ्यांवर माजलेली घाणेरी काढायची, बुरुजातला पिंपळ वेळीच तोडायचा, पाण्याची वाट मोकळी करायची, तर श्रमदानासारखं दुसरं काही नाही. सरकारी फाइल हलेपर्यंत बुरुज थांबत नाही! पण शिबंदीच्या, म्हणजे गडावरच्या शिपायांच्या, घरांची जोती दिसली की फावडं बाजूला ठेवावं.

राजांचं, किल्लेदाराचं काही ना काही कागदोपत्री सापडतं. साधा शिपाई कुठे झोपायचा, काय शिजवायचा, हे बहुधा कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्याचा पुरावा म्हणजे चुलीची राख, फुटकं खापर, हाडाचा तुकडा, कौलाचे ढपले. सफाईत नेमका हाच माल कचरा म्हणून दरीत जातो.

अजिंक्यताऱ्याचंच घ्या. एप्रिल १७०० मध्ये गड औरंगजेबाच्या हाती गेला, नाव आझमतारा पडलं. काही वर्षांतच मराठ्यांनी तो परत घेतला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. म्हणजे एकाच जोत्यावर तीन सत्तांचे शिपाई राहून गेलेले असू शकतात. मोगलांच्या त्या थोड्या वर्षांचा थर उरलाच असेल तर तो अगदी पातळ असणार. फावड्याचा एक फटका आणि तिन्ही राजवटी एकाच घमेल्यात.

इंग्रजी बराकींची जागा असेल तर हे आणखी स्पष्ट होतं. गोऱ्या पायदळातल्या साध्या शिपायाच्या बटणावर १८७१ पर्यंत पलटणीचा आकडा असे. त्यानंतर सगळ्यांना एकाच छापाची बटणं मिळाली. गोटी सोड्याच्या बाटलीचा शोधही त्याच सुमाराचा, १८७०च्या दशकाच्या सुरुवातीचा. आता समजा, बराकीमागच्या उकिरड्यात खालच्या थरात आकड्याचं बटण आणि वरच्या थरात त्या बाटलीची काच मिळाली. मधला थर कधीचा, याचा अंदाज लगेच बांधता येतो, कुठली पलटण होती तेही कळतं. हीच दोन्ही ढिगाऱ्यातून वेचलेली असतील तर कपाटात ठेवायच्या दोन जुन्या वस्तू, बस्स. पंचनाम्याआधीच खोली धुऊन काढावी, तसा हा प्रकार.

म्हणून उत्खनन कंटाळवाणं वाटेल इतकं सावकाश चालतं. दोरी बांधून चौकोन आखतात, खुरपीने थर सोलतात, माती चाळतात, प्रत्येक वस्तूची खोली एका ठरलेल्या बिंदूपासून मोजतात. दोन चौकोनांमध्ये मातीची एक भिंत मुद्दाम न खणता ठेवतात; तिच्या कडेला थरांचे रंग उभे दिसतात. कधी जमिनीत नुसती काळसर गोल चकती दिसते. तिथे लाकडी खांब होता, तो कुजून गेला. अशा चकत्या ओळीने मिळाल्या तर छपराखालची जागा किती लांब होती ते सांगता येतं. सफाईत ती चकती कुणाच्या डोळ्यालाही पडत नाही.

कायद्याचं थोडक्यात: संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय खणता येत नाही, हेतू कितीही चांगला असो. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची जुनी चीजवस्तू सापडली तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सफाई करताना नाणं किंवा खापर दिसलंच, तर ते न उचलता शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा, जागेची खूण करावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं.

आणखी एक फरक बघणाऱ्यांना खटकतो. सफाई झालेलं जोतं सगळ्यांना बघायला खुलं राहतं. उत्खनन झालेली जागा नोंदी पुऱ्या झाल्यावर पुष्कळदा पुन्हा मातीने बुजवतात, कारण साताऱ्याच्या पावसात उघड्या कच्च्या भिंती दोन-चार मोसमही टिकायच्या नाहीत. "एवढं खणून परत पुरलं?" असं विचारणाऱ्यांना नकाशे आणि खापरांच्या पिशव्या दाखवाव्यात.