प्रतीक्षाकाळ (अध्यापन)

शिक्षकाने वर्गात प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत, आणि उत्तर आले की शिक्षक त्यावर काही बोलेपर्यंत, मध्ये जी शांतता असते तिला प्रतीक्षाकाळ म्हणतात. यातली पहिली शांतता विद्यार्थ्याला विचार करायला मिळते. दुसरी त्याला आपलेच उत्तर पुढे न्यायला आणि इतरांना ते ऐकायला मिळते. प्रशिक्षणात भर बहुधा पहिलीवर असतो. दुसरीचे महत्त्व मात्र अधिक म्हणावे लागेल.

ही संकल्पना अमेरिकन विज्ञानशिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांची. प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासताना त्यांना दिसले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर आले नाही, तर तोच प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. मुलाने उत्तर दिल्यावरही शिक्षकाची प्रतिक्रिया सेकंदाच्या आतच येते. थांबणेही सर्वांसाठी सारखे नव्हते. ज्यांना शिक्षक हुशार समजत, त्यांना सुमारे २ सेकंद मिळत. मागे पडलेल्यांना ०.९ सेकंद. ज्याला वेळ जास्त लागतो, त्यालाच तो कमी मिळत होता.

दोन्ही ठिकाणी ३ सेकंद किंवा अधिक थांबायला शिक्षकांना शिकवल्यावर झालेले बदल रो यांनी १९७४ मध्ये मांडले. उत्तरे कितीतरी लांब झाली, गप्प राहणारी मुले कमी झाली, ‘असं असेल कारण…’ असे पुराव्याला धरून बोलणे वाढले आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागली. शिक्षकांचे प्रश्न संख्येने घटले, पण त्यांत विविधता आली. ज्या मुलांकडून कुणाची अपेक्षा नव्हती तीही बोलू लागली, त्यामुळे त्यांच्याविषयीचे शिक्षकांचे मतही काहीसे बदलले.

रो यांचा आक्षेप घाईइतकाच शिक्षकांच्या सवयीच्या ‘छान’, ‘बरोबर’वरही होता. शाबासकी आली की मुलाच्या दृष्टीने प्रश्न संपतो. शिवाय प्रत्येक उत्तर शिक्षकच मोठ्याने पुन्हा म्हणत असतील, तर वर्गमित्राचे बोलणे ऐकण्याची कुणाला गरजच उरत नाही. मुले लक्ष देत नाहीत, अशी तक्रार करण्याआधी हे तपासून पाहण्यासारखे आहे.

मराठी शाळांतली एक पद्धत या दृष्टीने बोलकी आहे. शिक्षक वाक्य अर्धवट सोडतात, ‘वनस्पती अन्न तयार करतात ते सूर्यप्रका…’, आणि सगळा वर्ग एका सुरात ‘…शात!’ म्हणतो. वर्ग जागा असल्याचे त्यातून समजते, विचार कुणी केला ते समजत नाही. बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका कौशल्यासाठी घेतलेल्या छोट्या पाठांत, प्रश्नकौशल्याचा सराव घेताना आधी प्रश्न सगळ्या वर्गाला विचारावा आणि मग नाव घ्यावे, असे शिकवतात. नाव आधी घेतले की बाकीचे निश्चिंत होतात. मात्र प्रश्न आणि नाव यांच्यामध्ये थांबले नाही, तर या क्रमाला फारसा अर्थ राहत नाही. पाठ निरीक्षणाच्या वेळी हे थांबणे नवशिक्याला अवघड जाते, कारण मागे निरीक्षक बसलेले असताना वर्गातली शांतता त्याला आपली फजिती वाटते.

‘सात आठे किती?’ यासाठी थांबून काही मिळत नाही. ‘वारा असला की ओले कपडे लवकर का वाळतात?’ यासाठी थांबलेच पाहिजे. केनेथ टोबिन यांनी १९८७ मध्ये घेतलेल्या संशोधनाच्या आढाव्यातही दीर्घ प्रतीक्षाकाळाची सांगड वरच्या पातळीच्या विचाराशी घातली आहे. प्रश्नच पोकळ असेल, तर कितीही थांबले तरी उत्तर पोकळच येते.

एकाच मुलाला उभे करून सगळा वर्ग त्याच्याकडे बघत बसला, तर ही शांतता शिक्षा होते. यावरचा एक मार्ग अमेरिकेतील मेरीलँडचे फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये सुचवला. आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचे आणि शेवटी वर्गाला सांगायचे. बुजऱ्या मुलाचे उत्तर त्यामुळे आधी एका माणसासमोर बोलून झालेले असते. पट मोठा असेल, तर सर्वांनी पाटीवर उत्तर लिहून ती एकदम वर धरणे सोपे जाते. शिक्षकाला प्रत्येकाचे उत्तर दिसते आणि पहिला हात वर करणाऱ्याची घाई इतरांच्या आड येत नाही.