सिंधुदुर्ग : जिल्ह्याचे मुख्यालय ओरोसला का?

इंग्रजी अमलात दक्षिण कोकणचा कारभार सुरुवातीला बाणकोटहून चाले. 1822 मध्ये तो रत्नागिरीला आला आणि मधली एक-दोन वर्षांची उलथापालथ वगळता तिथेच राहिला. 1948 मध्ये सावंतवाडी संस्थान विलीन झाले आणि रत्नागिरी जिल्हा गोव्याच्या सीमेवरच्या तेरेखोलपर्यंत लांबला. सावंतवाडीच्या माणसाला कलेक्टर कचेरीतल्या एका सहीसाठी दीडशे किलोमीटरहून जास्त जावे लागे. नद्या घाटातून उतरून पश्चिमेला धावतात, त्यामुळे उत्तर-दक्षिण प्रवासात खाडीमागून खाडी आडवी येते. खलाटीतल्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या, लोकांना खाडी ओलांडणारी होडी पकडल्याशिवाय पुढचे गाव गाठता येत नसे.

1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याला फारसा विरोध नव्हता, भांडण झाले ते मुख्यालयावरून, आणि त्याची धग अजून पुरती विझलेली नाही.

सावंतवाडीचा दावा इतिहासाचा होता. राजधानीचे गाव, राजवाडा, जुनी कचेरी आणि कोर्ट, दवाखाना, शाळा-कॉलेज, सगळे तयार. पण ते दक्षिण टोकाला आहे. तिथे मुख्यालय म्हणजे उत्तरेकडच्या देवगडकराची रत्नागिरी सुटून तेवढीच गैरसोय दुसऱ्या दिशेला. कुडाळ मध्यावर होते, बाजारपेठही चालती होती. कणकवलीकडे महामार्ग आणि राजकीय वजन होते. यातल्या कोणालाही दिले तरी उरलेले दुखावणार, म्हणून कुडाळ आणि कणकवली यांच्यामधले, महामार्गालगतचे ओरोस निवडले गेले आणि तिथे सिंधुदुर्गनगरी वसवायची ठरली. सरकारला शहाणपणाचा वाटलेला हा तोडगा खरे तर भांडण टाळण्याचा होता. नकाशावर मध्यबिंदू बरोबर आला, एस्टीच्या वेळापत्रकात मात्र तो आला नाही. देवगडहून निघालेला माणूस आधी कणकवलीला उतरणार आणि तिथे गाडी बदलणार. दोडामार्गच्या माणसाला बांदा-सावंतवाडी करून यावे लागते. बाजाराला, डॉक्टरकडे, नातेवाइकांकडे म्हणून ओरोसला कोणी जात नव्हते. तिथे जायचे ते फक्त सरकारी कामाला. तालुक्याच्या गावी गेले की एका फेरीत चार कामे होतात, इथे एकच होई.

जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा व सत्र न्यायालय, पोलीस मुख्यालय अशा कचेऱ्या माळावर लांब लांब उभ्या राहिल्या. वकिलांनी बिऱ्हाडे मात्र कुडाळ, सावंतवाडी, कणकवलीतच ठेवली. तारखेला यायचे, काम आटोपून परतायचे. कर्मचाऱ्यांचेही बहुतेक तेच. संध्याकाळी सहानंतर नगरीत वर्दळ शोधावी लागते.

यातला सर्वांत विचित्र भाग स्थानिक कारभाराचा. सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ला यांच्या नगरपालिका जुन्या आहेत. कणकवली, कुडाळ, दोडामार्ग, देवगड-जामसंडे, वैभववाडी इथे नगरपंचायती आल्या. जिल्ह्याचे मुख्यालय मात्र कुडाळ तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत राहिले आणि नवनगरासाठी वेगळे प्राधिकरण नेमले गेले. गटार कोणाचे, दिवाबत्ती कोणाची, घरपट्टी कोणी घ्यायची, हा घोळ त्यातूनच. नगरपंचायतीची मागणी निवडणुकीच्या तोंडावर वर येते आणि पुन्हा खाली बसते.

1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि ओरोसला सिंधुदुर्ग नावाचे स्थानक मिळाले, तरी मोठी गर्दी कुडाळ आणि कणकवलीलाच उतरते. 2021 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ओरोसला सुरू झाले, तेव्हा सावंतवाडीच्या रुग्णालयाचे काय, हा जुना सूर पुन्हा लागला. त्याच वर्षी विमानतळ वेंगुर्ले तालुक्यात चिपीला सुरू झाला. 2011 च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आत लोकसंख्या, तीही 2001 पेक्षा घटलेली. एवढ्या जिल्ह्याला एकच मोठे शहर घडवता आले असते. वाटून घेण्यात ते राहून गेले, असे म्हणायला जागा आहे.

ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत गेला. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणारा पक्षकार आता घाट चढतो. देवगड-कणकवलीकडचे फोंडा किंवा करूळ घाटाने, सावंतवाडीकडचे आंबोलीने. अंतर निम्म्याहून कमी झाले. पावसाळ्यात दरड कोसळली तर सुनावणीला पोहोचायचे कसे, याची चिंता तेवढी नवी.