पावलं मोजणारं घड्याळ चालायला कसं लावतं?

रोज दहा हजार पावलं, हा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकामुळे तो रूढ झाला. अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांवरच्या २०१९ मधल्या अभ्यासात रोज २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक उरला नाही.

मग मोजायचं कशाला? कारण मोजल्याने माणसं खरंच जास्त चालतात. २००७ साली २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यातल्या नियंत्रित चाचण्यांत मापक लावणारे इतरांपेक्षा रोज साधारण २,५०० पावलं जास्त चालले. ज्यांना लक्ष्यच दिलं नव्हतं, त्यांच्यात मात्र लक्षणीय वाढ दिसली नाही.

इथेच खरी गंमत आहे. फ्रिजचा थर्मोस्टॅट ठरवलेलं तापमान आणि आतलं तापमान यांतली तफावत पाहूनच कॉम्प्रेसर चालू करतो. चालण्याचंही तसंच, तफावत दिसायला हवी. पण आपण एरवी चालणं मोजतो ते थकव्यावरून, आणि दिवसभराच्या बैठ्या कामानेही माणूस दमतोच. घड्याळ खरा आकडा देतं, लक्ष्य तफावत दाखवतं. पण ती भरून काढायला वेळ हाताशी हवा. रात्री अकराला कळलेली तफावत नुसता अपराधी भाव देते. म्हणून आकडा दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला बघावा. हजार पावलं कमी असतील तर मिनिटाला शंभरच्या चालीने दहा मिनिटांचं काम आहे.

पहिला आठवडा मुद्दाम काही बदलू नका. नवं घड्याळ बांधलं की माणूस आपोआप जास्त चालतो, म्हणून पहिले तीन दिवस सोडून उरलेल्या चारांची सरासरी काढा. ती ३,८०० आली तर लक्ष्य ४,८०० ठेवा, दोन आठवडे जमलं की वाढवा. थेट दहा हजारांवर उडी मारणाऱ्यांचं घड्याळ लवकरच ड्रॉवरमध्ये जातं.

आतला संवेदक पावलं नव्हे, मनगटाचे हेलकावे मोजतो. मॉलमधली ट्रॉली किंवा बाबागाडी ढकलताना मनगट स्थिर असतं, पावलं बुडतात. पोळ्या लाटताना उगाच वाढू शकतात. रोज त्याच हातात बांधलं तर चूक साधारण सारखीच राहते आणि कालच्याशी तुलना चालते.

कॅलरीच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. स्टॅनफर्डच्या २०१७ मधल्या चाचणीत सात उपकरणांपैकी सर्वात अचूक उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं. ‘जाळलेल्या’ कॅलरींच्या भरवशावर वडापाव खाल्ला की हिशोब फसला. पिट्सबर्गमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत तर आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनासोबत उपकरण वापरणाऱ्यांचं वजन सरासरी ३.५ किलो घटलं, उपकरणाविना ५.९ किलो. ‘घड्याळ बांधा, वजन घटवा’ ही जाहिरात सांधेदुखीवर म्हणून विकल्या जाणाऱ्या तांब्याच्या कड्याच्याच पंगतीतली.

मुसळधार पावसात एक दिवस चुकला की ‘आता काय उपयोग’ म्हणून पुढचे चार दिवस जातात. त्याऐवजी लक्ष्य आठवड्याचं धरा: ४,८०० च्या हिशेबाने ३३,६००. बुधवारची तूट शनिवार-रविवारी भरता येते.