मायनर लीगच्या पिचरचा पगार : शंभर वर्षांची पार्श्वभूमी

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मायनर लीग (मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या खालच्या लीग) बेसबॉल खेळाडूंच्या वतीने पहिल्यांदाच सामूहिक वेतनकरार झाला. ट्रिपल-ए या सर्वात वरच्या पायरीवरचा किमान वार्षिक पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलर झाला, तर अगदी तळाचा ४,८०० वरून १९,८०० वर गेला. आकडे पुन्हा वाचावेत असे आहेत. जगातल्या सर्वात श्रीमंत खेळांपैकी एका खेळात पूर्णवेळ राबणाऱ्या तरुणाला तोवर वर्षाला ४,८०० डॉलर मिळत होते. ही वेळ का आली आणि ती कोणी बदलली, हे समजून घ्यायचं तर गाव बदलत, संघ बदलत वर्षानुवर्षं खेळणाऱ्या आणि मेजर लीगपर्यंत न पोहोचणाऱ्या पिचरकडे, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूकडे, पाहावं लागतं. या लढ्यातली दोन निर्णायक माणसं अशीच पिचर होती.

मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येकाखाली मायनर संघांची उतरंड आहे : ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए आणि शेवटी नवशिक्यांची रुकी लीग. या उतरंडीत शिरलेल्यांपैकी बहुतेकांना मेजर लीगचा एकही सामना मिळत नाही, आणि क्लबलाही ते ठाऊक असतं. तरीही त्यांची गरज असते, पिचरची तर सर्वात जास्त. रोज रात्री नऊ इनिंग (सामन्याचे नऊ डाव) कोणीतरी टाकायच्या असतात. सुरुवात करणाऱ्या पिचरचा खांदा आणि कोपर पुन्हा तयार व्हायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून संघातले जवळपास निम्मे खेळाडू पिचरच असतात. ज्याच्यावर क्लबने लाखो डॉलर लावले आहेत अशा उगवत्या पिचरचे चेंडू मोजून टाकले जातात. त्याचा हात जपण्यासाठी उरलेल्या इनिंग दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने भरल्या जातात. तो दुसरा हात म्हणजे आपला हा पिचर. वरच्या संघात कोणी जखमी झालं की त्याला बसमध्ये बसवून वर पाठवतात आणि तो बरा झाला की परत खाली आणतात. त्याच्याशिवाय हंगाम पुरा होत नाही, आणि तरी त्याच्या कष्टाला किंमत नव्हती. यात नशिबाचा भाग थोडा होता. ही सगळी व्यवस्था नियमांनी बांधलेली होती.

पहिला नियम १८७९ चा. त्या वर्षी क्लबमालकांनी ठराविक खेळाडू आपल्यासाठी 'राखीव' ठेवण्याचं आपसांत ठरवलं, आणि पुढे ही तरतूद प्रत्येक करारात आली. एका क्लबशी करार केलेल्या खेळाडूला करार संपला तरी दुसरीकडे जाता येईना. त्याला विकायचं, बदलायचं की घरी बसवायचं, हे क्लब ठरवणार. १९०१ मध्ये शिकागोत मायनर लीगांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि हाच नियम खालपर्यंत पोहोचला.

दुसरी पकड न्यायालयाने दिली. फेडरल लीग ही तिसरी मोठी लीग मालकांच्या दबावापुढे मोडली, तेव्हा तिच्या बाल्टिमोर क्लबने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. २९ मे १९२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या निकालाचा आशय असा होता की, बेसबॉलचे सामने त्या-त्या राज्यातली स्थानिक बाब आहेत, आंतरराज्य व्यापार नव्हे, म्हणून हा कायदा त्यांना लागू होत नाही. संघ तेव्हाही रेल्वेने राज्याराज्यांतून फिरत होते.

याच सुमारास ब्रँच रिकी यांनी सेंट लुईस कार्डिनल्स या मेजर क्लबसाठी नवा मार्ग काढला. तयार खेळाडू विकत घ्यायला पैसे नाहीत, तर छोटे क्लबच ताब्यात घ्यावेत आणि त्यांत शेकड्यांनी पोरं वाढवावीत. याला फार्म सिस्टीम म्हणतात. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कार्डिनल्सच्या हाताखाली तीसहून अधिक संघ होते. बेसबॉलचे आयुक्त न्यायाधीश लँडिस यांना हे पसंत नव्हतं. खेळाडू दडवून ठेवल्याचा ठपका ठेवून त्यांनी १९३८ मध्ये कार्डिनल्सचे सत्तरहून अधिक मायनर खेळाडू मोकळे केले. पद्धत मात्र मोडली नाही. पुढे प्रत्येक क्लबने तीच उचलली.

इथे जॉर्ज टूलसन येतो. न्यूयॉर्क यँकीजच्या मालकीच्या न्यूअर्क संघाचा हा पिचर १९४९ च्या हंगामात ट्रिपल-एमध्ये खेळत होता. त्या हंगामानंतर न्यूअर्कचा संघ बंद झाला आणि त्याला खालच्या श्रेणीतल्या बिंगहॅम्टनला जायला सांगितलं गेलं. टूलसनने नकार दिला. शिक्षा ठरलेली होती : अपात्रांच्या यादीत नाव, म्हणजे संघटित बेसबॉलमध्ये कुठेच खेळता येणार नाही. त्याने यँकीजवर खटला भरला. त्याचं म्हणणं मला आजही साधं आणि बिनतोड वाटतं : माझ्या हाताला दुसरा कोणी काम देईल की नाही, हे बाजाराला ठरवू द्या.

९ नोव्हेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्याला परत पाठवलं. बहुमताचा निकाल जेमतेम एका परिच्छेदाचा होता. १९२२ च्या निकालावर विसंबून हा धंदा तीस वर्षं उभा राहिला आहे, तो बदलायचा असेल तर काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) कायदा करावा, एवढंच त्यात होतं. न्यायमूर्ती बर्टन आणि रीड यांनी असहमती नोंदवली. टूलसनची कारकीर्द तिथेच संपली. १९२२ चा निकाल एक क्लब आणि मोठ्या लीग यांच्या भांडणातला होता. १९५३ मध्ये तो खेळाडूच्या गळ्यात कायमचा पडला. म्हणून मला टूलसनचा खटला जास्त महत्त्वाचा वाटतो.

पुढच्या काळात टीव्हीवर मेजर लीगचे सामने घरबसल्या दिसू लागले आणि गावोगावची मैदानं ओस पडली. १९४९ मध्ये ५९ मायनर लीग होत्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातल्या बहुतेक गेल्या होत्या. ज्या टिकल्या त्या मेजर क्लबांच्या पैशावर.

या काळातला सर्वात चटका लावणारा पिचर म्हणजे स्टीव्ह डालकोव्स्की. कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनचा हा पोरगा १९५७ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सकडे आला. त्याच्याइतका वेगवान चेंडू पाहिला नाही असं अनेक जाणकार म्हणत, पण चेंडू जाईल कुठे ते कोणालाच सांगता येत नसे. त्याच वर्षी किंग्जपोर्टकडून एका सामन्यात त्याने २४ फलंदाज स्ट्राइकआउट (चेंडू न टोलवता बाद) केले, १८ जणांना वॉक (भरकटलेल्या चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस) दिले आणि सामना गमावला. नऊ हंगाम, ४६ विजय, ८० पराभव, ९५६ इनिंगमध्ये १,३२४ स्ट्राइकआउट आणि १,२३६ वॉक. १९६३ च्या वसंत सरावात (हंगामाआधीच्या सरावात) मेजर लीगचं दार उघडतंय असं वाटत असतानाच त्याचं कोपर गेलं. नंतर तो कॅलिफोर्नियात शेतमजुरी करत राहिला, दारूने त्याला पोखरलं. २०२० मध्ये तो वारला. क्लबचं त्याच्याशी नातं हात चालेपर्यंतच होतं.

मेजर लीगवाल्यांची सुटका १९७० च्या दशकात झाली. राखीव ठेवण्याच्या नियमाविरुद्ध मेजर लीग खेळाडू कर्ट फ्लडचा खटला १९७२ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी हरला, पण डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरच्या बाजूने कौल दिला आणि राखीव ठेवण्याची तरतूद कोसळली. त्यांच्यामागे मेजर लीग खेळाडूंची संघटना होती. मायनर खेळाडू त्या संघटनेत नव्हते. १९९८ मध्ये काँग्रेसने फ्लडच्या नावाने कायदा केला, त्यातूनही मायनर लीग मुद्दाम बाहेर ठेवली गेली. वरचे पगार आकाशाला भिडले, खालचे जागेवर राहिले. सहा-सात वर्षं एका क्लबशी बांधलेलं राहायचं, पगार फक्त हंगामाच्या महिन्यांचा, वसंत सराव फुकट.

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडे पिचर म्हणून गेले, ते याच उतरंडीच्या तळाला. आपल्याकडे त्यांच्या निवडीचं कौतुक भरपूर झालं. त्या पायरीवर पगार किती असतो, हे मात्र फारसं कोणी विचारलं नाही.

आता गॅरेट ब्रोशस. मिसुरी विद्यापीठाचा हा पिचर २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) पाचव्या फेरीत निवडला. सहा हंगाम तो मायनर लीगमध्ये राहिला. जायंट्सच्या मुख्य संघात त्याला कधीच बोलावणं आलं नाही. मग त्याने सेंट लुईस विद्यापीठात कायद्याचं शिक्षण घेतलं, आणि वकील झाल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०१४ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात मेजर लीगविरुद्ध किमान वेतनाचा दावा दाखल केला. ॲरन सेनसह तीन माजी मायनर खेळाडू वादी होते. दाव्यात म्हटलं होतं की बहुतेक मायनर खेळाडूंना अख्ख्या हंगामाचे ३,००० ते ७,५०० डॉलर मिळतात. १९७६ पासून मेजर लीगचे पगार २,००० टक्क्यांहून जास्त वाढले, मायनरचे ७५ टक्के, आणि महागाई त्याच काळात ४०० टक्क्यांवर गेली.

ब्रोशसचं शहाणपण यात होतं की टूलसन ज्या भिंतीवर आपटला, तिला त्याने हातच लावला नाही. मक्तेदारीविरोधी कायद्यापासून बेसबॉलला सूट असेल, पण किमान वेतनाच्या कायद्यातून ती कोणी दिली, एवढाच त्याचा प्रश्न होता.

मालकांनी उत्तर वॉशिंग्टनमध्ये शोधलं. जून २०१६ मध्ये मायनर खेळाडूंना किमान वेतनाच्या कक्षेबाहेर काढणारं विधेयक संसद सदस्य ब्रेट गथ्री आणि चेरी बुस्टोस यांनी मांडलं. टीका इतकी झाली की बुस्टोस यांनी काही दिवसांतच पाठिंबा काढून घेतला. पण मार्च २०१८ मध्ये २,२३२ पानांच्या सरकारी खर्च विधेयकात तशीच तरतूद घुसवून मंजूर झाली. आठवडाभर कितीही राबा, हंगामात ४० तासांचं किमान वेतन दिलं की क्लब मोकळा. तासाला ७.२५ डॉलरप्रमाणे आठवड्याचे २९० डॉलर. खेळाच्या रक्षणाच्या नावाखाली केलेला हा कायदा निव्वळ अन्याय होता.

दावा मात्र मेला नाही, कारण आधीच्या वर्षांची थकबाकी उरत होती आणि राज्यांचे कायदेही होते. सर्व खेळाडूंच्या वतीने तो चालवता येईल की नाही, यावरच वर्षं गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला तेव्हा मार्ग मोकळा झाला. त्याच हिवाळ्यात मेजर लीगने संलग्न मायनर संघ १६० वरून १२० वर आणले.

सराव हे शिक्षण आहे, खेळाडू शिकाऊ आहेत, म्हणून त्या दिवसांचं वेतन लागू नाही, असं मालकांचं म्हणणं होतं. मार्च २०२२ मध्ये न्यायाधीश जोसेफ स्पेरो यांनी ते नाकारलं. हे खेळाडू वर्षभर नोकरदारच आहेत आणि सरावाचे पैसे दिलेच पाहिजेत, असा त्यांनी निकाल दिला. खटला १ जूनला उभा राहणार होता. त्याआधीच तडजोड झाली : १८.५ कोटी डॉलर, त्यातले सुमारे १२ कोटी वीस हजारांहून अधिक खेळाडूंसाठी. हंगामाबाहेरच्या कामाचे पैसे देण्यावर क्लबांना असलेली बंदीही उठली.

दरम्यान ब्रोशस आणि सहकाऱ्यांनी मायनर खेळाडूंसाठी एक संस्था उभी केली होती. तिचे प्रमुख हॅरी मरिनो हेही माजी मायनर पिचर आणि वकील. राहण्याची सोय क्लबने करावी ही मागणी त्यांनी लावून धरली आणि २०२२ च्या हंगामापासून ती मान्य झाली. तोवर एका फ्लॅटमध्ये पाच-सहा जणांनी जमिनीवर गाद्या टाकून झोपणं हे नेहमीचंच होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये मेजर लीग खेळाडूंच्या संघटनेने मायनरवाल्यांच्या सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि सप्टेंबरच्या मध्याला मालकांनी संघटनेला मान्यता दिली. शंभर वर्षं जे झालं नाही, ते तीन आठवड्यांत झालं.

त्यानंतर झालेल्या मार्च २०२३ च्या करारात किंमतही मोजावी लागली. वयाच्या १९ व्या वर्षी किंवा त्यानंतर करार करणाऱ्याची क्लबशी बांधिलकी सातवरून सहा वर्षांवर आली, पण त्याचबरोबर मेजर लीगला प्रत्येक क्लबच्या अमेरिकेतल्या मायनर खेळाडूंची कमाल संख्या १८० वरून १६५ पर्यंत उतरवण्याची मुभा मिळाली. ती कात्री सर्वात आधी लागते ती तिशीकडे झुकलेल्या, इनिंग भरणाऱ्या पिचरला. आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या उन्हाळी लीगमध्ये खेळणारी सतरा-अठरा वर्षांची पोरं या कराराच्या बाहेर आहेत. करार पाच वर्षांचा आहे, २०२७ च्या हंगामापर्यंत. पुढच्या बोलणीत त्यांना आत घ्यावं, ही मागणी संघटनेने पहिल्या क्रमांकावर ठेवायला हवी.