सप्ताहातली साथ की अभंगाचा कार्यक्रम? पखवाज तोच, काम वेगळं

गंगाखेड-परळीकडच्या एखाद्या पोराचा हात पखवाजावर बसू लागला की दोन तऱ्हेचे फोन येतात. 'सप्ताहाला साथीला या' आणि 'अभंगाचा कार्यक्रम आहे, तारीख मोकळी आहे का?' दोन्हीकडे तुकोबा, नामदेवांचेच अभंग, तोच भजनी ठेका. मग पोरगं पाकीट बघून हो म्हणतं.

सप्ताहात पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. कीर्तनकार महाराज रोज नवे. तालीम नाही, अभंग कोणता येणार ते ठाऊक नाही. खरी परीक्षा निरूपणात होते. महाराज बोलता बोलता प्रमाणाचा, म्हणजे मुद्द्याला आधार म्हणून घेतलेल्या अभंगाचा, चरण उचलतात, मागचे गायक तो झेलतात आणि तुमची थाप त्याच क्षणी पडावी लागते. चरण पाठ असेल तर पहिल्या शब्दालाच हात उठतो. नसेल तर टाळकरी पुढे आणि तुम्ही मागे. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली आळंदीला काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेल्या मुलांना हे सोपं जातं, पाठांतर पक्कं असतं ना! नुसती विशारद या संगीत परीक्षेची तयारी घेऊन आलेला चांगला वादकही इथं सुरुवातीला चाचपडतो.

कार्यक्रमात यादी आधी हातात येते, एखादी तालीमही होते. पण शेजारी तबला, मागे साइड रिदम. तिथं कुठं वाजवायचं नाही, हे कळणाऱ्यालाच पुन्हा बोलावणं येतं.

कणकेचंच बघा. सप्ताहात धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या खर्जाच्या तोंडाला, लावायची कणीक आचाऱ्याच्या परातीतून मिळते. नाट्यगृहात ती घरून डब्यात न्यावी लागते, आणि दिव्यांच्या उष्णतेनं वाळली की धुमेचा घुमारा जातो. दोन अभंगांमध्ये निवेदक बोलत असतो तेवढ्यात ओला हात फिरवून घ्यायचा.

सप्ताहाचं मानधन गावच्या वर्गणीतून, बहुधा शेवटी काल्याच्या दिवशी मिळतं. कार्यक्रमाचा काही भाग आगाऊ घ्यावा आणि बाकी मंचावर चढण्याआधी मागावी. संकोच वाटतो, पण कार्यक्रम संपला की आयोजक फोन उचलत नाहीत.

माझं मत विचाराल तर सुरुवातीची काही वर्षं सप्ताह सोडू नयेत. मात्र सप्ताहाची पत्रिका हातात आली की कीर्तनकारांच्या आधी गायनाचार्यांचं नाव बघा. महाराज रोज बदलतील, चाली लावणारा माणूस मात्र सातही दिवस तुमच्या शेजारी असतो. हात त्याच्यामुळं तयार होतो. यूट्यूबवर गाजलेले महाराज आले की मंडप भरतो खरा, पण दीड तास विनोद चालले तर वाजवायला उरतंच काय?

तारखा भिडल्याच आणि एका रात्रीपुरतं कार्यक्रमाला जायचं झालं, तर बदली वादक तुम्हीच द्या. तो कोण येतोय हे गायनाचार्यांना आधी सांगा, सप्ताह कमिटीला नंतर.